पाण्यात उजवा हात

माझ्या उजव्या हाताला अंगठा आणि करंगळी आहे. मधली तीन बोटं वाळूजच्या एका वर्कशॉपमध्ये प्रेस मशीनखाली गेली, त्याला आता नऊ वर्षं झाली. पत्रा आत सरकवताना शिंक आली, एवढंच कारण. जखम तीन महिन्यांत भरून आली, पण मी पुढची पाच वर्षं तो हात पँटच्या खिशात घालूनच फिरलो. लग्नकार्यात कुणी हात मिळवायला पुढं आलं की मान वाकवून वेळ मारून न्यायचो. लेकीच्या शाळेत पालकसभा असली की बायकोला पाठवायचो. एका दुसऱ्या कारखान्यात स्टोअरला बसायचं काम मिळालं होतं. खुर्ची, रॅक, खोके आणि चहा. पोट सुटलं. चाळिशीच्या तोंडावर डॉक्टरांनी रिपोर्ट बघून सांगितलं की साखर काठावर आहे, गोळी सुरू करायची की चालायला लागायचं ते तुम्हीच ठरवा.

मी चालायला लागलो. बजाजनगरच्या मैदानावर, पहाटे साडेपाचला, कारण तेव्हा अंधार असतो आणि कुणाचं हाताकडं लक्ष जात नाही. चालता चालता पळायला कधी लागलो ते माझं मलाच कळलं नाही. सुरुवातीला एका फेरीत धाप लागायची, घशात लोखंडाची चव यायची. वर्षभरानं दहा किलोमीटर पळून, आंघोळ करून पहिल्या पाळीला वेळेत हजर राहू लागलो. पळताना हात खिशात ठेवता येत नाही ही गोष्ट मला फार उशिरा जाणवली, आणि जाणवली तेव्हा तिचं काही वाटेनासं झालं होतं.

मैदानावर मला सर भेटले. आमच्याच गल्लीत अकरावी-बारावीच्या मुलांचे गणिताचे क्लास घेतात. पन्नाशीचे, काटकुळे, पळतानाही मनात हिशेब चालू. एका सकाळी सूर्यनमस्कार घालता घालता त्यांनी ट्रायथलॉनबद्दल सांगितलं. आधी तलावात एकोणीसशे मीटर पोहायचं, ओल्या अंगानं सायकलवर बसून नव्वद किलोमीटर जायचं, आणि सायकल ठेवली की एकवीस किलोमीटर पळायचं. सगळं मिळून साडेआठ तासांत. शहरापासून तासाभराच्या अंतरावर एका तलावावर अशी स्पर्धा होणार होती, वर्षभरानं. सर स्वतः जाणार होते.

मी घरी आलो तो उडतच. मला पोहता येत नव्हतं, शाळा सुटल्यापासून सायकलला हात लावला नव्हता, आणि तरी छातीत काहीतरी धडधडत होतं. बायको भाकरी थापत होती. मी ओट्याला टेकून तिला सगळं सांगितलं. तिनं भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं आणि विचारलं, “पोहता येतं का तुम्हाला?”

मी नाही म्हणालो. माझा जन्म भाड्याच्या दोन खोल्यांत गेलेला, विहीर मी लांबूनच बघितलेली.

“मला येतं,” ती म्हणाली.

लग्नाला चौदा वर्षं झाली होती. मी कधी विचारलं नव्हतं, तिनं कधी सांगितलं नव्हतं. तिचं माहेर अजिंठ्याजवळ आहे, घरची शेती आहे आणि शेतात मोठी पायऱ्यांची विहीर आहे हे मला माहीत होतं. जावई म्हणून मी त्या विहिरीच्या काठावर बसून हुरडाही खाल्ला होता. पण ही बाई लहानपणी भावांच्या बरोबरीनं त्या विहिरीत उड्या मारायची, तळाला टाकलेला तांब्या वर आणायची, हे मला त्या दिवशी तव्यासमोर कळलं. लग्न ठरलं आणि तिचं पोहणं बंद झालं. कुणी बंद कर म्हणालं नव्हतं. तिनंही परत विचारलं नव्हतं.

दिवाळीला आम्ही तिच्या माहेरी गेलो. पाऊस चांगला झालेला, विहीर वरच्या पायरीपर्यंत भरलेली. मेव्हण्यानं माझ्या कमरेला दोन रिकामे प्लास्टिकचे कॅन बांधले आणि गाठ तीनदा ओढून बघितली. सासूबाई काठावर आल्या आणि लेकीला बघून थबकल्या. तिनं सलवार-कमीज घातलं होतं, ओढणी कमरेला आवळून बांधली होती. जावयासमोर विहिरीत उतरतीस का, असं त्या हळू आवाजात काहीतरी म्हणाल्या. बायको हसली, चार पावलं मागं गेली, आणि धावत येऊन वरच्या कडेवरून सरळ आत.

धप्प असा आवाज झाला आणि पाणी पायऱ्यांवर चढलं. बराच वेळ ती वर आलीच नाही. माझी बारा वर्षांची लेक माझा दंड धरून उभी होती, तिची नखं रुतली. मग विहिरीच्या पार पलीकडच्या कोपऱ्यात डोकं वर आलं. केस तोंडावर, आणि चेहरा असा की मी तो आधी कधी बघितलाच नव्हता. लेक टाळ्या वाजवायला लागली. सासूबाईंनी पदर तोंडाला लावला, पण हसत होत्या.

माझं शिकणं मात्र असं देखणं नव्हतं. कॅनमुळं कंबर वर आणि तोंड खाली, अशी माझी अवस्था. पहिल्या दिवशी मी इतकं पाणी प्यायलो की जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी तिनं एक कॅन सोडला. मी दोन हात मारले आणि बुडायला लागलो, पायरी हाताशी असून दिसेना. तेव्हा ती ओरडली, “पाय मार, पाय मार रं, मान कशाला ताणतोस!”

चौदा वर्षांत तिनं मला पहिल्यांदा अरे-तुरे केलं. मी पाय मारले आणि पायरीला लागलो. काठावर सासूबाई आणि मेव्हणा एकमेकांकडं बघायला लागले. तिच्याही लक्षात आलं. पण पाण्यात असेपर्यंत तेच चाललं आणि बाहेर आलं की ‘अहो’ परत सुरू. आमच्यात हा नियम न बोलता ठरला.

दर रविवारी शंभरेक किलोमीटर मोटारसायकलवर जायचं आणि संध्याकाळी परत यायचं, असं आम्ही हिवाळाभर केलं. कॅन सुटले. विहिरीच्या चार-पाच फेऱ्या व्हायला लागल्या. मग एक नवीन भानगड लक्षात आली. मी सरळ जातच नव्हतो. डावा हात पाणी ओढायचा आणि उजव्यातून पाणी गळून जायचं, त्यामुळं मी सारखा उजवीकडं वळायचो आणि भिंतीला धडकायचो. विहिरीत ठीक आहे, तलावात मी गोल गोल फिरत बसलो असतो. मी रबराचं एक हातमोज्यासारखं वल्हं आणलं. ते घातलं आणि बाणासारखा सरळ गेलो. त्या दिवशी मला इतका आनंद झाला की परत येताना सिल्लोडला थांबून सगळ्यांसाठी जिलेबी घेतली. दुसऱ्या दिवशी सरांनी नियम वाचून सांगितलं की पोहताना हाताला असलं काही लावलेलं चालत नाही.

मी पुढच्या रविवारी विहिरीवर जायला तयारच नव्हतो. बायकोनं मला जवळजवळ ढकलत नेलं. पाण्यात उतरून तिनं माझा उजवा हात धरला, दोन्ही हातांनी, आणि कोपरापासून मनगटापर्यंत दाबत गेली.

“बोटं गेली, हात कुठं गेला?” ती म्हणाली. “हा एवढा हात हाय की. ह्यानं दाब पाणी.”

मग तिनं कोपर वर ठेवून सगळा पुढचा हात पाण्यात उभा धरायचा आणि मागं रेटायचा, हे मला करून दाखवलं. तिला हे कुणी शिकवलं होतं ते तिलाही सांगता येईना. तासाभरात माझं वळणं निम्म्यावर आलं. उरलेल्या निम्म्यासाठी तिनं सांगितलं की सहा हात मारले की डोकं वर काढून समोर बघायचं आणि चुकलं असेल तर नीट करून घ्यायचं.

उन्हाळ्यात विहीर आटली तेव्हा मी शहरातल्या एका जलतरण तलावावर जायला लागलो. पोहण्याच्या चड्डीला खिसा नसतो. पहिल्या दिवशी कपडे बदलायच्या खोलीतून बाहेर यायला मला पंधरा मिनिटं लागली. काठावरची माणसं बघत होती, मीही त्यांच्याकडं बघितलं, आणि उतरलो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी एका गृहस्थांनी जवळ येऊन विचारलं की बोटांना काय झालं. मी शिंकेची गोष्ट सांगितली. ते पोट धरून हसले, मग ओशाळले. तोवर मीही हसत होतो. पाच वर्षं खिशात सांभाळलेली गोष्ट दोन मिनिटांत सांगून संपली.

सायकलचा प्रश्न शहागंजच्या एका चाचांनी सोडवला. म्हातारे सायकल मिस्त्री, डोळ्यावर जाड भिंगाचा चष्मा. मी एक जुनी सरळ हँडलची सायकल त्यांच्याकडं नेली आणि हात दाखवला. उजवा ब्रेक मला दाबता येत नव्हता. त्यांनी माझा हात उलटा-पालटा करून असा बघितला, जणू एखादा घासलेला पार्ट.

“दोनों ब्रेक बाएं हात पे ले लेते,” ते म्हणाले. “गियर अंगूठे से बदलता. अंगूठा तो हय ना तुम्हारे पास?”

डाव्या ब्रेकच्या एकाच दांड्याला दोन तारा जोडून त्यांनी तीन दिवसांत सायकल तयार केली. उजव्या मुठीवर जुन्या ट्यूबचे वेटोळे घालून ती जाड केली, म्हणजे अंगठा आणि करंगळीच्या पकडीत बसेल. एवढ्यावर ते थांबले नाहीत. पंक्चर झालं तर काय करशील, असं त्यांनी विचारलं. स्पर्धेत दुसऱ्याची मदत चालत नाही हे मी सांगितलं होतं. मग त्यांनी मला दुकानासमोर जमिनीवर बसवलं आणि टायर काढून ट्यूब बदलायला लावली. पहिल्या वेळी पाऊण तास लागला आणि अंगठ्याचं नख उलटलं. ते पुढं आठ रविवारी मला असं बसवत राहिले. माझा सगळ्यात चांगला वेळ चौदा मिनिटांचा होता.

सायकलचा सराव मी आणि सर मिळून करायचो. कधी पैठण रस्त्यानं चितेगावच्या पुढं, कधी दौलताबादवरून खुलताबादचा घाट. किल्ल्याजवळच्या जुन्या दरवाज्यातून सायकल काढताना समोरून बस आली की दोघांनाही भिंतीला चिकटावं लागायचं. घाट चढायला मला मजा यायची. उतरताना मात्र मी जागोजागी थांबायचो, कारण सगळा भरवसा एका डाव्या हातावर. पहिल्यांदा घाट न थांबता उतरलो तेव्हा खाली येऊन मी सायकल आडवी टाकली आणि रस्त्याच्या कडेला नुसता उभा राहिलो. सर मागून आले, घड्याळ बघितलं आणि म्हणाले की याच गतीनं गेलात तर नव्वद किलोमीटर चार तासांत बसतंय.

स्पर्धेच्या सकाळी तलावावर धुकं होतं. काठावर अडीचशे-तीनशे माणसं, पुण्या-मुंबईकडची महागड्या सायकलींची, आणि मी. पाणी इतकं गार की पाय घातले आणि श्वास अडकला. बायको आणि लेक दोरीच्या पलीकडं उभ्या होत्या. बायकोनं स्वतःचं कोपर वर उचलून दाखवलं. सात वाजता भोंगा झाला आणि आम्ही सगळे एकदम घुसलो.

पहिली पाच मिनिटं म्हणजे नुसती मारामारी. कुणाची लाथ माझ्या गालावर, माझा हात कुणाच्या पाठीवर. डोकं वर काढायचं विसरलो. अचानक सगळं शांत झालं, आजूबाजूला कुणी नाही, आणि मला वाटलं मी पुढं निघालो. तेवढ्यात शिट्टी ऐकू आली. बचावाच्या नावेतला माणूस हात करून डावीकडं दाखवत होता. मी एकटाच उजवीकडं निघालो होतो, शंभर मीटर तरी. काठावरून बायको माझी पिवळी टोपी एकटीच भलतीकडं जाताना बघत होती, हे तिनं नंतर सांगितलं.

मी स्वतःवर चिडलो आणि मग मोजायला लागलो. सहा हात, डोकं वर. सहा हात, डोकं वर. वळायच्या जागी बांधलेला लाल फुगा समोर होता, मोठा होत गेला, त्याला वळसा घातला. परत येताना उजवा हात कोपरापासून आत घालून असा रेटला की खांदा पेटला. पाण्याबाहेर आलो तेव्हा एक तास सात मिनिटं झाली होती. सत्तर मिनिटांनंतर येणाऱ्यांना स्पर्धेतून बाद करत होते. तीन मिनिटं उरली होती, आणि मला ती खजिन्यासारखी वाटली.

सायकलवर बसलो आणि ओल्या अंगाला वारा लागला. दोन्ही बाजूंना कापसाची बोंडं, तुरीचा हिरवा-पिवळा, रस्ता मोकळा. मी गाणं म्हणत होतो, बेसूर, मोठ्यानं. एकसष्टाव्या किलोमीटरला मागचं चाक डुगडुगलं. पंक्चर.

मी झाडाखाली बसलो. टायर काढायची पट्टी अंगठा-करंगळीत धरली, डाव्या हातानं रेटा दिला. तेवढ्यात दुधाचे कॅन लावलेली एक मोटारसायकल थांबली. पागोटंवाले एक काका उतरले, माझा हात बघितला आणि सरळ माझ्या चाकाला हात घालायला लागले. मी चाक पोटाशी धरलं.

“नको काका, मदत घेतली तर मला बाद करतेत.”

त्यांना ते पटेना. “हाताला बोटं नाय, अन् मदत बी नको म्हन्तो,” ते म्हणाले. मी पंक्चर काढेपर्यंत ते उकिडवे बसून बघत राहिले. टायर रिमवर बसेना तेव्हा त्यांचे हात आपोआप पुढं यायचे आणि ते स्वतःच मागं घ्यायचे. शेवटचा भाग मी तळहाताच्या गादीनं ठोकून बसवला. हवा भरली. घड्याळ बघितलं तर अकरा मिनिटं. चाचांना हे कधी सांगतो असं झालं मला. निघताना काकांनी सायकलला जोरात ढकललं असतं, पण मी नको नको म्हणत निघून आलो. ते मागून बराच वेळ हॉर्न वाजवत होते.

त्या अकरा मिनिटांनी माझा हिशेब बिघडला होता. पोहणं आणि सायकल मिळून साडेपाच तासांची मर्यादा होती. उजवी मूठ बधिर झाली, करंगळीला पेटके आले, तरी मी गियर कमी केला नाही. सायकल ठेवायच्या जागी पोचलो तेव्हा सात मिनिटं शिल्लक होती. लेक दोरीपलीकडून माझ्या बरोबरीनं पळत होती आणि पाय बघ, पाय बघ म्हणत होती, कारण मी घाईत एकच मोजा घातला होता.

पळायला निघालो तेव्हा साडेबारा वाजले होते. डोक्यावर ऊन. पाय सायकलच्याच तालात फिरत होते, जमिनीवर नीट पडतच नव्हते. पहिले आठ किलोमीटर मी मजेत गेलो. बाराव्या किलोमीटरला गाडी अडकली. मीठ लावलेली संत्र्याची फोड खाल्ली, डोक्यावर पाणी ओतलं, चाललो, परत पळालो. वळणाच्या ठिकाणी सर भेटले. त्यांचं केव्हाच संपलं होतं. पाय लांब करून सावलीत बसले होते, गळ्यात पदक, हातात घड्याळ.

“भाऊ, पाच किलोमीटर राहिले,” ते म्हणाले. “साडेआठ मिनिटांनी एक गेला तरी बसतंय. मी दोनदा करून बघितलं.”

सरांचं गणित चुकत नाही, एवढंच मी धरून ठेवलं. शेवटच्या किलोमीटरला दुखणं नाहीसं झालं. कुठं गेलं माहीत नाही. लोक टाळ्या वाजवत होते आणि मी दोन्ही हात वर करून धावत होतो. एका माणसानं टाळी द्यायला हात पुढं केला, मी उजव्या हातानंच दिली. आठ तास एकोणीस मिनिटं. कमान ओलांडली आणि बायको समोर उभी होती. चारचौघांत ती मला कधी हात लावत नाही. तिनं दोन्ही हातांनी माझं तोंड धरलं आणि म्हणाली, “आलास तू.”

पाण्याच्या बाहेर, सगळ्या लोकांसमोर.

घरी पोचेपर्यंत संध्याकाळ झाली. आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहतो. पहिल्या पाच पायऱ्या मी कठडा धरून चढलो आणि मग पाय उचलायचेच थांबले. लेक मागून ढकलायला लागली, बायको पुढून ओढायला लागली. मधल्या जिन्यात आम्ही तिघंही एकावर एक बसलो आणि हसायला लागलो, ते थांबेचना. वरच्या मजल्यावरच्या काकू आवाज ऐकून डोकावल्या आणि काय झालं म्हणून घाबरून विचारायला लागल्या.

“काय नाय काकू,” बायको डोळे पुसत म्हणाली, “पोहून आलेत.”